'आफ्रिकेचा सीडॉ' म्हणण्याआधी

आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या चळवळींबद्दल मराठीत लिहिताना दोन करारांची हमखास गल्लत होते. एक 'सीडॉ', म्हणजे स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव मोडून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेला करार. दुसरा 'मापुतो प्रोटोकॉल', म्हणजे आफ्रिकी मानवी हक्क सनदेला जोडलेला, फक्त स्त्रियांच्या हक्कांचा पुरवणी करार. या दुसऱ्याला 'आफ्रिकेचा सीडॉ' म्हणायची सवय पडली आहे. म्हणायला सोपं आहे, पण त्या सवयीपायी कलमं चुकतात, भाषांतरं चुकतात आणि कधी कधी तक्रार भलत्याच दारात जाऊन पडते.

सीडॉ १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संमत झाला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाला. त्याची ३० कलमं आहेत आणि १८९ देश त्याला बांधील आहेत. मापुतो प्रोटोकॉल ११ जुलै २००३ रोजी मोझांबिकची राजधानी मापुतो इथं आफ्रिकी संघाच्या शिखर परिषदेत संमत झाला. पंधरा देशांचं अनुमोदन (कराराला बांधील राहण्याची औपचारिक मान्यता) मिळाल्यावर २५ नोव्हेंबर २००५ पासून तो लागू झाला. त्याची कलमं ३२. आफ्रिकी संघाच्या ५५ सदस्यांपैकी चाळीसहून अधिक देशांनी त्याला अनुमोदन दिलं आहे. इजिप्त आणि मोरोक्को अजून बाहेरच आहेत. म्हणजे 'आफ्रिकेतल्या सगळ्या स्त्रियांना मापुतो लागू आहे' हे पहिलंच वाक्य चूक ठरतं.

सीडॉ हातात असताना दुसऱ्या कराराची गरज का पडली? १९८१ च्या आफ्रिकी सनदेत स्त्रियांसाठी जेमतेम एक वाक्य होतं. १८व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमात, तेही कुटुंबाविषयीच्या कलमाच्या पोटात. आणि सीडॉच्या मजकुरात मुलींचा खतना नव्हता, एचआयव्ही नव्हता, नवरा गेल्यावर विधवेला घराबाहेर काढण्याची रीत नव्हती. मार्च १९९५ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथं स्त्रियांच्या कायदेविषयक संघटनांनी वेगळ्या कराराची मागणी पुढे रेटली. तिथून मापुतोपर्यंत पोचायला आठ वर्षं लागली.

१४वं कलम, पण कुठलं?

सगळ्यात जास्त फसवतात ते कलमांचे आकडे. सीडॉचं १४वं कलम ग्रामीण स्त्रियांविषयी आहे, तर मापुतोचं १४वं आरोग्य आणि प्रजनन हक्कांविषयी. सीडॉचं १६वं विवाह आणि कुटुंबाचं. मापुतोचं १६वं राहत्या घराच्या हक्काचं, आणि विवाह तिथं सहाव्या कलमात सापडतो. पाचवं कलम दोन्हीकडे रूढींना हात घालतं, म्हणून तिथं गोंधळ आणखी वाढतो. सीडॉचं पाचवं साचेबद्ध भूमिका आणि पूर्वग्रह बदलायला सांगतं. मापुतोचं पाचवं खतन्यासह सगळ्या घातक प्रथांवर कायद्यानं बंदी आणि शिक्षा मागतं. एखाद्या बातमीत नुसतं 'कलम १४ चा भंग' असं आलं, तर कुठल्या कराराचं ते तपासल्याशिवाय ओळ पुढे नेऊ नये.

दुसरा फरक मजकूर आणि शिफारस यांच्यातला. बालविवाहाला कायदेशीर परिणाम नाही, किमान वय ठरवा, असं सीडॉ म्हणतो. पण वयाचा आकडा देत नाही. मापुतो सरळ १८ लिहितो. सीडॉच्या मजकुरात स्त्रियांवरच्या हिंसेचा स्वतंत्र उल्लेखही नाही! ती उणीव त्याच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीनं १९९२ च्या १९व्या सर्वसाधारण शिफारशीनं आणि पुढे २०१७ च्या ३५व्या शिफारशीनं भरून काढली. मापुतोत हिंसेची व्याख्या पहिल्याच कलमात आहे आणि तिच्यात आर्थिक इजाही येते. म्हणून 'सीडॉनं हिंसेवर बंदी घातली' असं लिहू नये. 'सीडॉ समितीनं तसा अर्थ लावला' असं लिहावं. न्यायालयात या दोन वाक्यांचं वजन सारखं नसतं.

बहुपत्नीत्वावर मापुतोची तडजोड उघड दिसते. एकपत्नी विवाहाला प्रोत्साहन द्यावं, पण बहुपत्नी विवाहात असलेल्या स्त्रियांच्या हक्कांनाही संरक्षण द्यावं, असा सहाव्या कलमाचा सूर आहे. बंदी नाही. सीडॉचा मजकूर याबाबत गप्प आहे. त्याच्या समितीनं मात्र १९९४ मध्ये कडक भूमिका घेतली.

गर्भपातावर मापुतो जितका स्पष्ट आहे तितका त्याआधी एकही आंतरराष्ट्रीय करार नव्हता. बलात्कार, लैंगिक अत्याचार, रक्ताच्या नात्यातला संबंध, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका, आईच्या किंवा गर्भाच्या जिवाला धोका, अशा प्रसंगी वैद्यकीय गर्भपाताची परवानगी द्यावी, असं १४व्या कलमाचं उपकलम २ (क), म्हणजे इंग्रजी मजकुरातलं 2 (c), सांगतं. 'मागेल तिला गर्भपात' असा त्याचा अर्थ होत नाही, तरी विरोधक तसा प्रचार करतात आणि घाईत लिहिणारे तोच उचलतात.

भाषांतरात सर्वांत महाग पडणारी चूक मात्र वारशाची. मापुतोच्या २१व्या कलमात विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत 'न्याय्य' वाटा आहे, मुलगे आणि मुली यांनाही आईवडिलांच्या मालमत्तेत 'न्याय्य' वाटे आहेत. मूळ शब्द 'समान' नाही. धार्मिक कायद्यानुसार वारसा वाटणाऱ्या देशांना सोबत ठेवायचं होतं, हे त्या शब्दातून कळतं. इथं सीडॉची भाषा अधिक ठाम आहे: मालमत्तेच्या बाबतीत पतिपत्नींना सारखेच हक्क. त्यामुळे मापुतो सगळीकडे सीडॉच्या पुढे आहे हा समजही खरा नाही. विधवेला राहत्या घरात राहण्याचा, मुलांचं पालकत्व आपोआप मिळण्याचा आणि आपल्या पसंतीनं पुन्हा लग्न करण्याचा हक्क मात्र मापुतोतच शब्दांत सापडतो.

माध्यमांत काम करणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणं खुणा करून ठेवावीत. पाठ्यपुस्तकांतले साचे काढायला दोन्ही करार सांगतात, पण मापुतोचं १२वं कलम त्याच ओळीत माध्यमांचंही नाव घेतं. १३वं कलम जाहिरात आणि अश्लील साहित्यातल्या स्त्रियांच्या शोषणाविरुद्ध उपाय मागतं. संपादकांशी किंवा जाहिरात नियामकांशी वाद घालायचा असेल तर ही कलमं हाताशी हवीत.

लाल, पिवळं, हिरवं

स्वाक्षरी, अनुमोदन आणि देशांतर्गत कायदा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे आफ्रिकी कार्यकर्त्यांनी सगळ्यांत सोप्या रीतीनं दाखवलं. २००४ मध्ये 'सोआवर' ही स्त्री संघटनांची आघाडी उभी राहिली. तिनं फुटबॉलच्या पंचाची कार्डं उचलली. ज्या देशानं काहीच केलं नाही त्याला लाल, नुसती स्वाक्षरी केली त्याला पिवळं, अनुमोदन दिलं त्याला हिरवं. राष्ट्रप्रमुखांच्या बैठकांच्या वेळी ही कार्डं वाटली गेली. त्याच वर्षी 'पांबाझुका न्यूज' या ऑनलाइन वृत्तपत्रिकेनं मोबाइलच्या एसएमएसवरून अनुमोदनाच्या अर्जाला पाठिंबा गोळा केला. स्वस्त फोन हाती आले होते, इंटरनेट मात्र दुर्मिळ होतं, त्या काळातली ही युक्ती. संमतीपासून २८ महिन्यांत करार लागू झाला आणि आफ्रिकी मानवी हक्क करारांत तो तेव्हाचा सर्वांत वेगवान ठरला. (सीडॉला वीस अनुमोदनं लागत होती, तरी त्याला २१ महिनेही लागले नाहीत, फुशारकीत हे राहून जातं.)

हिरवं कार्ड मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. अनुमोदन देताना देश काही कलमं बाजूला ठेवू शकतो. केनियानं २०१० मध्ये अनुमोदन दिलं, पण गर्भपाताचं उपकलम आणि लष्करी खर्च कमी करण्याचं उपकलम वगळलं. युगांडानंही त्याच वर्षी १४व्या कलमावर अपवाद नोंदवला. उलट रवांडानं आपला अपवाद २०१२ मध्ये मागे घेतला. म्हणून 'केनियानं मापुतो स्वीकारला' एवढं वाचून १४ (२) (क) चा आधार घेतला तर पाया ढासळतो.

तिसरी पायरी देशाच्या घटनेवर अवलंबून आहे. केनियाच्या २०१० च्या घटनेत अनुमोदित करार थेट देशाच्या कायद्याचा भाग होतात. नायजेरियाच्या घटनेचं १२वं कलम म्हणतं की संसदेनं कायदा केल्याशिवाय कराराला देशात जोर नाही. नायजेरियानं सीडॉला १९८५ मध्ये आणि मापुतोला २००४ मध्ये अनुमोदन दिलं. दोन्ही करार संपूर्णपणे कायद्यात उतरलेले नाहीत. त्यामुळे नायजेरियातल्या वकील स्त्रियांना अनेकदा देशाबाहेरचं दार ठोठवावं लागतं.

भारतापुरतं सांगायचं तर, भारतानं सीडॉला ९ जुलै १९९३ रोजी अनुमोदन दिलं, काही कलमांवर घोषणा नोंदवून. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या 'विशाखा' निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा आधार घेतला. पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा सीडॉचा १९९९ चा ऐच्छिक प्रोटोकॉल भारतानं स्वीकारलेला नाही. 'मापुतो' म्हणजे सीडॉचा प्रोटोकॉल असा जो समज आढळतो तो या नावाच्या सारखेपणातून आला असावा. मापुतो सीडॉचा नव्हे, आफ्रिकी सनदेचा प्रोटोकॉल आहे.

कुठलं दार उघडं आहे

सीडॉची तक्रार जिनिव्हातल्या २३ तज्ज्ञांच्या समितीकडे जाते. मुख्य अटी चार: देशानं ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला हवा, तक्रार लेखी आणि नावानिशी हवी, देशातले उपाय संपलेले हवेत, आणि तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेनं तपासलेलं नको. चौथी अट नीट वाचावी. आधी एक दार ठोठावलं की जिनिव्हाचं बंद होऊ शकतं.

टांझानियातल्या दोन विधवांनी हे दार उघडलं. रूढीच्या वारसा नियमांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. उच्च न्यायालयानं रूढी भेदभावाची आहे हे मान्य केलं, पण ती रद्द करायला नकार दिला. अपील चार वर्षं रखडलं आणि शेवटी खालच्या न्यायालयाच्या आदेशावरच्या तारखेच्या चुकीवरून फेटाळलं गेलं. २०१५ मध्ये सीडॉ समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. मत, हुकूम नव्हे. अंमलबजावणी करवून घेण्याचा जोर समितीकडे नाही.

बंधनकारक निकाल हवा तर आफ्रिकी न्यायालय आहे, तेही टांझानियातच, अरुशाला. पण व्यक्ती किंवा संस्था तिथं थेट जाऊ शकतात ते त्यांच्या देशानं तशी खास घोषणा केली असेल तरच. असे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांतही गळती लागली आहे: रवांडानं २०१६ मध्ये, खुद्द यजमान टांझानियानं २०१९ मध्ये, बेनिन आणि आयव्हरी कोस्टनं २०२० मध्ये घोषणा मागे घेतली. मापुतोचा मजकूर धारदार आहे. त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट अरुंद होत चालली आहे.

मालीनं घोषणा केली होती, म्हणून तिथल्या कुटुंब कायद्याचं प्रकरण अरुशाला पोचलं. २००९ चा सुधारित मसुदा धार्मिक संघटनांच्या प्रचंड निदर्शनांनंतर मागे घेतला गेला आणि २०११ मध्ये आला तो मुलींच्या लग्नाचं वय १६, खास परवानगीनं १५, आणि धार्मिक वारसा नियम घेऊन. एका स्थानिक स्त्री संघटनेनं आणि गांबियाची राजधानी बांजुल इथल्या एका मानवी हक्क संस्थेनं २०१६ मध्ये अर्ज केला. इतका उशीर का, हा सरकारचा आक्षेप होता; देशातलं भीतीचं वातावरण लक्षात घेऊन न्यायालयानं तो फेटाळला. ११ मे २०१८ च्या निकालात या न्यायालयानं पहिल्यांदाच मापुतोचा भंग झाल्याचं ठरवलं, आणि त्याच निकालात सीडॉचाही. अरुशाचं न्यायालय देशानं अनुमोदन दिलेला कुठलाही मानवी हक्क करार लावू शकतं. जिनिव्हाची समिती फक्त सीडॉ. म्हणून अरुशाला जाताना दोन्ही करार अर्जात मांडावेत. एकच मांडणं हा निव्वळ तोटा.

पश्चिम आफ्रिकेत आणखी एक दार आहे: नायजेरियाची राजधानी अबुजा इथलं, 'इकोवास' या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघाचं न्यायालय. तिथं देशातले उपाय संपवण्याची अट नाही. अबुजाच्या रस्त्यावरून संध्याकाळी जाणाऱ्या स्त्रियांना 'वेश्या' ठरवून उचललं जात होतं. अभिनेत्री डोरोथी न्जेमान्झे आणि इतर तिघींनी खटला भरला. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयानं नायजेरियाला मापुतोसह अनेक करारांच्या भंगासाठी दोषी धरलं आणि चौघींपैकी तिघींना प्रत्येकी ६० लाख नायरा भरपाई दिली. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले. तिथल्या स्त्रियांसाठी हे दारही गेलं.

आणि ज्या देशानं मापुतो स्वीकारलाच नाही तिथं? २५ मे २००५ रोजी कैरोत सार्वमताच्या दिवशी पत्रकार संघटनेच्या इमारतीपाशी महिला पत्रकारांवर हल्ले झाले, कपडे फाडले गेले, आणि पोलिसांनी ते थांबवले नाहीत. इजिप्तवर मापुतो लावता येत नव्हता. आफ्रिकी सनदेच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या, बांजुलच्या आफ्रिकी मानवी हक्क आयोगानं सनदेचंच १८ (३) वापरलं. ते एक वाक्य देशांना स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांकडे बोट दाखवतं, म्हणून भेदभावाचा अर्थ लावायला सीडॉ मदतीला आला. चौघींना प्रत्येकी ५७,००० इजिप्शियन पौंड भरपाई द्यावी असं आयोगानं सांगितलं.

आयोगाकडे जाणाऱ्या पत्रकारांची एक अडचण सनदेच्या ५६व्या कलमात आहे. केवळ माध्यमांतल्या बातम्यांवर आधारलेली तक्रार तिथं घेतली जात नाही. कात्रणांची जाडजूड फाइल पाठवून भागत नाही. सोबत पीडितेचं शपथपत्र, वैद्यकीय दाखला, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची पोच आणि ती फेटाळली गेल्याचा कागद जोडावा. पोच दिली नसेल तर तक्रार कुठल्या दिवशी, कुठल्या ठाण्यात द्यायला गेलो आणि ती का घेतली नाही, हे त्याच दिवशी लिहून साक्षीदाराची सही घ्यावी.