आमदार म्हणजे फक्त विधानसभेचा?

‘विधान परिषदेवर गेलेला माणूस खरा आमदार नव्हे’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक! मुळात राज्यघटनेत ‘आमदार’ हे पदनामच नाही. तिथे आहेत विधानसभेचे आणि विधान परिषदेचे सदस्य. ‘आमदार’ हा मराठीत रुळलेला शब्द, आणि तो दोघांनाही लागतो. कलम १६८ नुसार राज्यपाल आणि ही दोन सभागृहं मिळून महाराष्ट्राचं विधिमंडळ होतं. विधानसभेत २८८ सदस्य, परिषदेत ७८. परिषदेच्या काही जागा पदवीधर मतदार निवडतात; त्या पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्यांना ती मतपत्रिका आठवत असेल: नावापुढे शिक्का नाही, १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. तिथून निवडून येणाराही आमदारच. मे २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना परिषदेवरच निवडून गेले होते.