बंद दाराआड धंद्याच्या गोष्टी

१७६४ साली लंडनमध्ये जहाजांचे एक नोंदणीपुस्तक छापले गेले. जहाज कुणाचे, कप्तान कोण, ते कुठे बांधले गेले आणि आता किती धड उरले आहे, अशी माहिती त्यात होती. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू असा दर्जा, आणि दोर, नांगर वगैरे सामानाला चांगले-मध्यम-वाईट या अर्थाची तीन अक्षरे. हे पुस्तक फक्त वर्गणीदारांसाठी होते, आणि वर्गणीदार म्हणजे जहाजांच्या विम्याची जोखीम अंगावर घेणारे विमेकरी. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या या माणसांनी आपली माहिती एका पुस्तकात ओतली, याचे कारण साधे होते. एका जहाजाची जोखीम अनेकजण वाटून घेत. कुजक्या तळाचे जहाज बुडाले की एकाच वेळी साऱ्यांच्या खिशाला झळ लागे.

ही मंडळी जमली होती एडवर्ड लॉइड याच्या कॉफीहाउसभोवती. १६८०च्या दशकात सुरू झालेल्या या जागेत कुणीही यावे, बसावे, बंदरावरच्या बातम्या ऐकाव्यात असा प्रकार होता. पुढे तिथे जुगारी शिरले. आजारी माणूस जगतो की मरतो, यावरसुद्धा विम्याच्या नावाखाली पैजा लागू लागल्या. कंटाळून धंद्याची चाड असणारे १७६९ मध्ये वेगळे झाले आणि १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड भरून स्वतःची जागा करायचे ठरवले. दाराला कडी लागली ती अशी. ती लागली नसती तर तिथल्या शब्दावरचा विश्वास टिकला नसता, असे मला वाटते.

पण त्याच कडीने दुसरे भांडण उभे केले. ज्यांच्या जहाजांना दर्जा दिला जाई, त्या मालकांना पुस्तकात काहीच आवाज नव्हता. जहाज कुठे बांधले यावर दर्जा अवलंबून राहू लागला, तेव्हा मालक भडकले आणि १७९९ मध्ये त्यांनी आपले वेगळे ‘लाल पुस्तक’ काढले. विमेकऱ्यांचे ‘हिरवे पुस्तक’ होतेच. एकाच जहाजाबद्दल दोन पुस्तके, आणि दोन्ही आर्थिक डबघाईला येईपर्यंत हा प्रकार चालला. १८३४ मध्ये ती एक झाली. नव्या समितीत विमेकरी, व्यापारी आणि जहाजमालक असे तिघेही बसले.

ठकांपासून व्यापाऱ्यांना सावध करणारी सभासदांची एक संस्था लंडनमध्ये १७७६ साली निघाली. नेमक्या त्याच वर्षी अ‍ॅडम स्मिथने लिहिले की एका धंद्यातले लोक मौजेखातर जमले तरी बोलणे अखेर लोकांविरुद्धच्या कटावर किंवा भाव चढवण्याच्या युक्तीवर येते. दोन्ही खरे होते. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या, याचाच आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते कॉर्नवॉलचे उदाहरण. तिथल्या तांब्या-कथलाच्या खाणींतून पाणी उपसायला वाफेची इंजिने लागत आणि कोळसा वेल्सहून समुद्रमार्गे आणावा लागे. सुधारित इंजिनाचे पेटंट असलेला जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार, जुन्या इंजिनांच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या एकतृतीयांश किमतीइतका हक्क घेत. ते पेटंट १८०० मध्ये संपले. १८११ मध्ये जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाने मासिक अहवाल सुरू केला. एक बुशेल (तेव्हाचे कोळशाचे माप) कोळशात कोणत्या खाणीच्या इंजिनाने किती पौंड पाणी एक फूट उचलले, हा आकडा त्यात रचनेच्या तपशिलासह छापला जाई. आकडा चांगला आला की इंजिनिअरला पुढचे काम मिळे. खाणींतले भांडवलदार एकाच वेळी अनेक खाणींत पैसे घालत, त्यामुळे शेजारची खाण सुधारली तरी त्यांचाच फायदा. सुरुवातीची सरासरी दोन कोटी पौंडांच्या आत होती. १८३५च्या एका चाचणीत फोवी कन्सोल्स खाणीच्या इंजिनाने साडेबारा कोटी गाठले. हे एका डोक्याचे काम नव्हते. शेकडो छोट्या दुरुस्त्या एकमेकांना दिसत राहिल्या, म्हणून ते झाले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅलन यांनी अशा प्रकाराला १९८३ मध्ये ‘सामूहिक शोध’ म्हटले.

तंत्राची देवाणघेवाण निभली, भावाची निभली नाही. अमेरिकेत हार्डवुड लाकडाच्या ३६५ उत्पादकांनी विक्री, साठा आणि दर एकमेकांना कळवण्याची योजना आखली. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचे मत वेगळे होते. एकट्यादुकट्या छोट्या उत्पादकाला बाजार कळायचा दुसरा मार्ग काय, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. चार वर्षांनी मेपल लाकडाची फरशी बनवणाऱ्यांच्या खटल्यात न्यायालयाने सरासरी खर्च आणि झालेल्या व्यवहारांची माहिती वाटून घेण्यास हरकत नाही, असे म्हटले.

माहिती न पोहोचल्याने काय होते, ते २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसले. एक झडप उघडी अडकली, ती बंद आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले, आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोच्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच कंपनीने बनवलेल्या अणुभट्टीत तेच काम करणारी झडप तशीच अडकली होती. तिथे ती वेळेत लक्षात आली. तो धडा मात्र पुढे थ्री माइल आयलंडच्या कर्मचाऱ्यांपर्यंत गेला नाही. १९७९च्या अखेरीस अमेरिकी अणुवीज कंपन्यांनी आपली संस्था काढली. प्रत्येकाच्या चुका इतर सभासदांना कळवायच्या आणि एकमेकांची केंद्रे जाऊन तपासायची, हे तिचे काम. चेर्नोबिलनंतर, मे १९८९ मध्ये, मॉस्कोत तशीच जागतिक संघटना झाली. बर्लिनची भिंत तेव्हा उभीच होती. दोन्ही बाजूंचे अभियंते एकमेकांच्या नियंत्रणकक्षात जाऊ लागले, आणि तिथे जे दिसेल त्याचे अहवाल सभासदांपुरतेच ठेवायचे ठरले.