कापडावर उतरलेला प्रकाश

प्रकाश आणि छायाचित्रण ही कल्पना घेऊन एखादं कलेक्शन रॅम्पवर आलं, की त्याचं श्रेय हमखास डिजिटल प्रिंटिंगला जातं. खरं तर कापड आणि छायाचित्रण यांचं नातं छायाचित्रणाच्या पहिल्या काही वर्षांपासूनचं आहे.

1842 मध्ये इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप ही उन्हाने निळे ठसे उमटवायची पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी शेवाळांचे निळे ठसे या पद्धतीने काढायला सुरुवात केली. कॅमेरा लागतच नाही. लोहाच्या दोन क्षारांचं द्रावण अंधुक खोलीत कागदावर ब्रशने लावून वाळवायचं, वर नेच्याचं पान किंवा लेसचा तुकडा ठेवून काचेने दाबायचा आणि उन्हात न्यायचं. नंतर साध्या पाण्यात खळबळलं की ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. पान जिथे जरासं उचललं गेलं असेल तिथे कडेला फिकट निळी धूसर छटा येते. सुती कापडावरही हे उत्तम जमतं. फक्त सोड्याने धुतलं तर निळा रंग उडतो. मला ही छटा कुठल्याही छापील फोटोपेक्षा सुंदर वाटते, कारण ती थेट उन्हाने उमटवलेली असते.

विजेच्या दिव्याचं आकर्षणही जुनंच. 1883 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नृत्यसमारंभासाठी तिथल्या धनाढ्य घराण्यातल्या ॲलिस व्हँडरबिल्ट यांनी चार्ल्स वर्थ यांच्या पॅरिसमधल्या फॅशन हाउसचा 'इलेक्ट्रिक लाइट' नावाचा गाऊन घातला होता. शहरात एडिसनचं वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

फॅशन फोटोग्राफीने वेगळी वाट धरली. 1911 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांच्या गाऊनचे फोटो काढले, त्यात कापडाची घडण आणि त्यावर पडणारा उजेडच महत्त्वाचा होता.

फोटो थेट कपड्यावर छापणं मात्र बराच काळ अवघड होतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि सावलीच्या छटा बारीक ठिपक्यांनी साधाव्या लागतात. शाईचे बारीक थेंब थेट कापडावर उडवणाऱ्या इंकजेट, म्हणजेच डिजिटल छपाईने ती अडचण दूर केली. डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या 2010 च्या वसंत-उन्हाळी कलेक्शनमध्ये डिजिटल प्रिंट कापडाच्या थानावर सरसकट न छापता त्या त्या कपड्याच्या आकाराला जुळवून घेतलेले दिसतात. त्याआधीच, 2007 मध्ये, डिझायनर हुसेन चलायन यांनी हजारो एलईडी बसवलेले ड्रेस आणले होते. त्यांत चित्र छापलेलं नव्हतं. कापडाखालून दिवेच हलतं चित्र दाखवत होते.