लष्करी जेट विमानांचे जतन व पुनर्स्थापन

लष्करी जेट विमानांचे जतन व पुनर्स्थापन : हवाई दल किंवा नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली जेट विमाने भंगारात न काढता संग्रहालयात, सार्वजनिक ठिकाणी किंवा क्वचित उड्डाणक्षम अवस्थेत टिकवून ठेवण्याचे काम. व्यवहारात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात; तांत्रिकदृष्ट्या ते वेगळे आहेत. जतन म्हणजे विमान ज्या अवस्थेत हाती आले त्या अवस्थेत त्याचा पुढील ऱ्हास थांबवणे. पुनर्स्थापन म्हणजे त्याच्या आयुष्यातील एखादा काळ निवडून त्या काळचे रूप परत आणणे. मंदिरांच्या संदर्भात रुळलेला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द येथे टाळलेला बरा, कारण त्यात जुने काढून नवे बसवण्यास मुभा गृहीत असते. विमानाच्या बाबतीत जुना पत्रा, जुना रंग आणि जुनी रिबिटे हाच पुरावा असतो.

प्रारंभ : जतन केलेले पहिले जेट विमान कोणते, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. जेट इंजिनावर उडालेले पहिले विमान हाइंकेल हे १७८. त्याचे उड्डाण २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत झाले. पुढे ते बर्लिनमधील विमानसंग्रहात ठेवले गेले आणि १९४३ च्या सुमारास हवाई हल्ल्यात नष्ट झाले. उद्देश पाहिला तर जतनाचा पहिला मान या विमानाकडे जातो. टिकून राहण्याची अट घातली तर जात नाही. ब्रिटनचे ग्लॉस्टर ई. २८/३९ हे विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेल येथे उडाले. त्याच्या दोन नमुन्यांपैकी दुसरा जुलै १९४३ मध्ये अपघातात गेला. पहिला १९४६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आला आणि आजही तेथे आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये प्रथम उडालेले अमेरिकेचे बेल एक्सपी-५९ए हेही महायुद्ध संपता संपता स्मिथसोनियन संस्थेकडे गेले असावे. त्यामुळे ब्रिटिश आणि अमेरिकी लेखक आपापल्या विमानाला अग्रमान देतात.

मात्र ही तिन्ही प्रायोगिक विमाने होती. ‘लष्करी सेवेतून निवृत्त’ ही अट काटेकोरपणे लावली तर प्रारंभ १९४५ मध्ये, शत्रूकडून जप्त केलेल्या विमानांपाशी शोधावा लागतो. अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री आर्नल्ड यांनी जप्त विमानांपैकी प्रत्येक प्रकारचा एक नमुना राखून ठेवण्याचा आदेश दिला. युरोपातून आणलेली मेसरश्मिट २६२ आणि अराडो २३४ ही जेट विमाने त्या संग्रहात होती. संग्रह आधी इलिनॉयमधील पार्क रिज येथे आणि नंतर मेरीलँडमधील सिल्व्हर हिल येथे नेण्यात आला. प्रत्यक्ष युद्धात वापरलेली जेट विमाने, ती भावी पिढ्यांसाठी ठेवण्याचा स्पष्ट हेतू आणि त्यासाठी वेगळी जागा या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या येथे. म्हणून प्रस्तुत नोंदीत हाच प्रारंभ अधिक ग्राह्य मानला आहे.

संक्षारण (धातू गंजणे) : जेट विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो. तांबे मिसळलेली २०२४ आणि जस्त मिसळलेली ७०७५ ही पाश्चात्त्य मिश्रधातू, तर सोव्हिएत विमानांत त्यांच्या जवळची डी-१६ आणि व्ही-९५ आढळतात. ताकदीसाठी मिसळलेल्या तांब्या-जस्तामुळेच ही धातू शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा लवकर गंजते. यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर बसवलेला असतो. न रंगवलेले, चकचकीत धातूचे विमान समारंभापूर्वी घासूनपुसून लख्ख करण्याची पद्धत या थरासाठी घातक आहे. प्रत्येक पॉलिशबरोबर तो झिजतो आणि काही वर्षांनी आतली धातू उघडी पडते.

सर्वांत फसवे संक्षारण म्हणजे पदर सुटणे. लाटून किंवा दाबून घडवलेल्या जाड भागांत धातूचे कण लांबट होऊन थराथरांनी बसलेले असतात. ओलावा कडेने आत शिरला की या थरांमध्ये गंज फुगतो आणि धातू पुस्तकाच्या पानांसारखी उलगडते. वरून रंग शाबूत दिसतो, पण बोटाने दाबल्यावर भाग भुसभुशीत लागतो. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांचा संपर्क येतो तेथे, विशेषतः खाऱ्या ओलाव्यात, विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. चाकांच्या मधल्या तबकड्या आणि गिअरच्या पेट्या अनेकदा मॅग्नेशियमच्या असतात. त्या याहून नाजूक. बंद दालनात सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या खाली ठेवली तर ही सर्व प्रक्रिया फार मंदावते. कोकण, गोवा किंवा मुंबईत उघड्यावर ठेवलेल्या विमानाला पावसाळ्याचे चार महिने ही सवलत मिळत नाही आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो.

डी हॅविलँड व्हॅम्पायर हे विमान या बाबतीत वेगळे आहे. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात आलेले हे देशातील पहिले जेट लढाऊ विमान. त्याचा पुढचा भाग, म्हणजे वैमानिकाची जागा ज्यात असते तो कोश, धातूचा नसून प्लायवूड आणि बाल्सा लाकडाच्या थरांचा आहे. तेथे गंजाऐवजी बुरशी, कूज आणि थर सुटणे यांच्याशी सामना असतो. धातूची विमाने दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा येथे फारसा उपयोग होत नाही. होड्या किंवा जुने फर्निचर जाणणारा सुतार अधिक उपयोगी पडतो.

चबुतऱ्यावरील विमाने : हवाई तळाच्या दारात, चौकात किंवा उद्यानात खांबावर विमान बसवण्याची प्रथा जगभर आहे. त्यात एक दोष जवळजवळ अंगभूत आहे. पाणी निचरण्याची भोके विमान जमिनीवर चाकांवर उभे असताना काम करतील अशी आखलेली असतात. खांबावर नाक वर करून बसवले की पाणी शेपटीकडे जाऊन साचते. पक्ष्यांची घरटी आणि मधमाश्यांची पोळी उरलेली भोके बुजवतात. विमानाचा भार मुळात ठरावीक ठिकाणीच पेलला जावा अशी रचना असते. चुकीच्या जागी पोलादी चौकट जोडली तर वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने तेथे भेगा पडतात. रडार काढून घेतलेले लढाऊ विमान शेपटीवर कलंडते म्हणून नाकात वजन भरावे लागते, हेही पुष्कळदा उशिरा लक्षात येते. या सर्वांवर उपाय आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत : नवी भोके पाडणे, हवेची तोंडे जाळीने झाकणे आणि जुन्या घरांच्या शाकारणीसारखी दरवर्षी मे महिन्यात तपासणी करणे.

धोकादायक भाग : इजेक्शन सीटमधील (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनातील) स्फोटक काडतुसे काढून टाकणे हे पहिले काम. हॅरिअर प्रकारच्या विमानांत कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरील पारदर्शक झाकणाच्या, काचेवरच बारीक स्फोटक दोरी चिकटवलेली असते, ती वेगळी काढावी लागते. १९५० च्या दशकापर्यंतच्या विमानांत तबकड्यांवरील अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. चमक विझली म्हणजे धोका टळला हा समज चुकीचा आहे. विझते ते रंगातील जस्ताचे संयुग. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. याशिवाय काही इंजिनांच्या आवरणात थोरियममिश्रित मॅग्नेशियम आणि जुन्या वेष्टनांत ॲस्बेस्टॉस असते.

दीर्घकालीन साठवण : ॲरिझोनातील टूसॉनजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर १९४६ पासून निवृत्त विमाने ठेवली जातात. कोरडी हवा, अल्प पाऊस आणि कठीण जमीन यांमुळे काँक्रीट न घालताच अवजड विमाने उभी राहतात. विमान धुऊन, स्फोटके काढून, इंधननळ्यांतून हलके तेल फिरवले जाते. मग सांधे चिकटपट्टीने बंद करून त्यांवर सोलून काढता येणारा पांढरा लेप देतात. येथील सगळीच विमाने वाचतात असे नाही. सुटे भाग हीच विमाने वापरणाऱ्या इराणच्या हाती पडू नयेत म्हणून निवृत्त एफ-१४ लढाऊ विमानांचे २००७ पासून तुकडे करण्यात आले.

उड्डाणक्षम पुनर्स्थापन : ब्रिटनचे व्हल्कन एक्सएच५५८ हे या प्रकारातील सर्वांत महत्त्वाकांक्षी उदाहरण. १९९३ मध्ये हवाई दलाने विकलेले हे चार इंजिनांचे बॉम्बर देणग्या आणि वारसा निधीच्या आधारे १८ ऑक्टोबर २००७ रोजी पुन्हा उडाले. मे २०१२ मध्ये उड्डाणाच्या सुरुवातीस इंजिनात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ओढल्या गेल्या आणि डाव्या बाजूची दोन्ही इंजिने निकामी झाली. उभ्या विमानाला दमटपणापासून वाचवणारी वस्तूच उडत्या विमानाच्या मुळावर आली. जतन आणि उड्डाण या दोन शिस्ती एकाच विमानावर चालवणे किती कठीण असते हे यातून दिसते. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी विमानाचे अखेरचे उड्डाण झाले. कारण पैशाचे नव्हते. विमान व इंजिनाच्या तांत्रिक जबाबदारीसाठी ज्या कंपन्यांचे पाठबळ नियमानुसार आवश्यक होते, त्यांनी ते पुढे देणे थांबवले. मूळ आरेखनाचे ज्ञान असलेली माणसे निवृत्त होत जातात, आणि हा तुटवडा सुट्या भागांच्या तुटवड्यापेक्षा गंभीर आहे.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला इंग्लंडमधील शोरम येथे प्रात्यक्षिक करणारे हॉकर हंटर महामार्गावर कोसळून ११ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या लष्करी जेट विमानांच्या प्रात्यक्षिकांवर ब्रिटनमध्ये कडक बंधने आली. स्वीडनमध्ये मात्र २०१२ मध्ये पुन्हा उडवलेल्या साब व्हिगेनसह काही जेट विमाने स्वयंसेवी संस्थेमार्फत उडत आली आहेत. उड्डाणाचे समर्थक म्हणतात की इंजिनाचा आवाज हाही वारशाचा भाग आहे. ते मान्य करूनही, एखाद्या प्रकारचा शेवटचा नमुना उडवू नये हे मत अधिक सबळ वाटते.

रंग व खुणा : वॉशिंग्टनच्या संग्रहातील अराडो २३४ हे त्या प्रकारचे जगातील एकमेव उरलेले विमान. १९८० च्या दशकात त्याचे पुनर्स्थापन झाले तेव्हा मूळ रंग आधीच खरवडून काढलेला होता, म्हणून त्याला एका जर्मन तुकडीच्या दुसऱ्या विमानाच्या खुणा देण्यात आल्या. काम उत्तम झाले. पण त्या विमानाची स्वतःची ओळख परत आली नाही. भारतात याच्या उलट घडते. दरवर्षी नवा रंग चढत जातो आणि शेंदराखाली मूर्तीचे कोरीव काम बुजावे तशा रिबिटांच्या रांगा, सूचनांची अक्षरे, क्रमांक दिसेनासे होतात. रंगाचे थर कडेला एका लहान चौकोनात क्रमाने उघडे करून नोंदवून ठेवले, तर विमान कोणत्या स्क्वाड्रनांत फिरले हे पुष्कळदा कळू शकते.

भारतातील स्थिती : दिल्लीतील पालम येथील हवाई दल संग्रहालय १९६७ मध्ये, गोव्यात दाबोळीनजीक बोगमाळो येथील नौदल विमानसंग्रहालय १९९८ मध्ये, तर बेंगळुरूतील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय २००१ मध्ये सुरू झाले. गोव्यात सी हॉक, व्हॅम्पायर आणि २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरिअर पाहता येतात. त्यातील बरीच विमाने समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर आहेत. मुंबईत जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर २००१ ते २०१२ या काळात संग्रहालय होते. २०१४ नंतर नौका मुंबईतील दारूखाना येथील जहाजतोडणीच्या आवारात मोडली गेली आणि सी हॉक ज्या डेकवरून उडाले तो डेकच उरला नाही.

जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आरेखित केलेले ‘मारुत’ हे भारतात विकसित झालेले पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. एकूण १४७ बांधली गेली. पुण्यात कमला नेहरू उद्यानात आणि मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एकेक मारुत उभे आहे. पुण्यामुंबईच्या कितीतरी मुलांनी जवळून पाहिलेले पहिले लढाऊ विमान हेच. आणखी एक जर्मनीत, म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे, छपराखाली आहे. एकाच कारखान्यातून निघालेल्या विमानांचा पावसातला आणि छपराखालचा ऱ्हास शेजारी मांडून अभ्यासण्याची ही दुर्मीळ सोय आहे.

मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. भारतात बांधलेल्या सुमारे ६०० मिग-२१ चे सांगाडे नाशिकजवळ ओझर येथे, इंजिने कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक भाग हैदराबाद येथे तयार होत. त्यामुळे एका विमानाची संपूर्ण कुळकथा लावायची तर तीन ठिकाणची दप्तरे पाहावी लागतात.

कराची येथील पाकिस्तान हवाई दलाच्या संग्रहालयात नॅट हे एक भारतीय लढाऊ जेट विमान आहे. भारत-पाक युद्धात, सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यात, ते पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले. पाकिस्तानी वृत्तांतानुसार त्यांच्या एफ-१०४ लढाऊ विमानाने त्याला शरण आणले. भारतीय वृत्तांतानुसार वैमानिक साथीदारांपासून वेगळा पडला आणि चुकीच्या धावपट्टीवर उतरला. आयई१०८३ हा त्याचा क्रमांक मात्र दोन्ही वृत्तांतांत एकच आहे.