ओल्डहॅम

ओल्डहॅम : इंग्लंडच्या ग्रेटर मँचेस्टर परगण्यातील शहर व महानगर बरोचे (स्थानिक स्वराज्य विभागाचे) मुख्य ठिकाण. हे शहर मँचेस्टरच्या ईशान्येस सुमारे ११ किमी. अंतरावर, पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याच्या टेकड्यांवर, अर्क आणि मेडलॉक या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. ऐतिहासिक दृष्ट्या ते लँकाशर परगण्यातील एक टाउनशिप, म्हणजे स्थानिक कारभाराचा छोटा विभाग, होते.

उत्तर इंग्लंडमध्ये चर्चच्या अमलाखालील पॅरिश (धर्मक्षेत्रे) फार विस्तीर्ण असत. एका चर्चला इतक्या दूरवरची वस्ती सांभाळणे शक्य नसल्याने पॅरिशचे लहान लहान टाउनशिप करण्यात आले, आणि कर गोळा करणे, रस्ते राखणे ही कामे त्यांच्याकडे आली. १६६२ च्या कायद्याने उत्तरेकडील टाउनशिपांना आपापल्या गरिबांच्या निर्वाहाचा भार स्वतंत्रपणे उचलण्याची मुभा दिली. त्यामुळे टाउनशिपची हद्द हा रहिवाशांच्या दृष्टीने थेट पैशाचा प्रश्न बनला. ओल्डहॅम हे प्रेस्टविच-कम-ओल्डहॅम या पॅरिशमध्ये मोडत असे. त्यातील ओल्डहॅम चॅपलच्या (दुय्यम चर्चच्या) कक्षेत ओल्डहॅम, चॅडर्टन, क्रॉम्प्टन आणि रॉयटन असे चार टाउनशिप होते.

१०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडमधील जमीनमालकीच्या नोंदवहीत ओल्डहॅमचे नाव आढळत नाही. तेराव्या शतकात ओल्डहॅम याच आडनावाच्या घराण्याकडे येथील जहागीर असल्याचे आढळते व त्यांचे निवासस्थान वर्नेथ हॉल येथे होते. उंचावरची थंड, ओलसर हवा आणि पातळ माती यांमुळे शेती बेताचीच होती. मेंढपाळी आणि घरोघरी चालणारे लोकर विणण्याचे काम यांवर लोकांचा निर्वाह चाले. पुढे नमद्याच्या टोप्या बनवण्याचा धंदाही येथे चांगला रुजला. टोप्यांचे कारखानदार टॉमस हेन्शॉ यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेतून उभी राहिलेली ब्लू कोट शाळा १८३४ मध्ये सुरू झाली आणि ती अद्याप चालू आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत येथे सूतगिरण्या निघू लागल्या. कापूस या मुलखात पिकत नव्हता आणि बंदरही जवळ नव्हते. परंतु जमिनीखाली कोळसा होता, हातमागाचे कसब पिढीजात होते आणि मँचेस्टरचा बाजार एका दिवसाच्या वाटेवर होता. १८०१ मध्ये सुमारे १२,००० असलेली टाउनशिपची वस्ती शतकभरात दहापटीहून अधिक वाढली व १९०१ मध्ये बरोची लोकसंख्या सुमारे १,३७,००० झाली. १९११ च्या सुमारास ओल्डहॅम परिसरात १ कोटी ६० लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या. जगातील एकूण चात्यांत त्यांचा वाटा एक-दशांशापेक्षा अधिक भरत असे. बोल्टन तलम सुतासाठी, तर ओल्डहॅम मध्यम व जाड्याभरड्या सुतासाठी ओळखले जाई; या फरकाचे परिणाम पुढे दूरवर पोहोचले.

गिरण्यांइतकीच, कदाचित त्याहून अधिक महत्त्वाची ठरली ती प्लॅट ब्रदर्स ही यंत्रनिर्माती कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूत व कापडाची यंत्रे बनवणारा हा जगातील सर्वांत मोठा कारखाना होता आणि त्याची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही बसवली गेली. मुंबईशी ओल्डहॅमचे नाते असे दुहेरी होते. अमेरिकी यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या ‘सुरती’ कापसावर लँकाशरला वेळ निभावून न्यावी लागली. आखूड धाग्याच्या व कचऱ्याने भरलेल्या या कापसाला तिथले कामगार शिव्या घालत, तर मुंबईत त्याच कापसाच्या पैशावर सट्टेबाजीला ऊत आला होता. पुढे मुंबईच्या गिरण्याच जाड्या सुताच्या आशियाई बाजारात लँकाशरच्या प्रतिस्पर्धी झाल्या. ज्या कारखान्याने त्यांना यंत्रे पुरवली तो ओल्डहॅममध्येच होता, हे यातील विशेष.

१८७० च्या दशकात मर्यादित जबाबदारीच्या गिरणी कंपन्यांची येथे लाट आली. ‘ओल्डहॅम लिमिटेड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या कंपन्यांचे भाग अनेक कामगारांनीही घेतले, आणि मजूर व भांडवलदार यांच्यातली रेषा काही काळ तरी पुसट झाली.

राजकारणातही शहर अग्रभागी होते. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर १८१९ मध्ये संसदीय सुधारणांसाठी जमलेल्या सभेवर घोडदळाने केलेल्या ‘पीटरलू’ हल्ल्यात जखमी होऊन मरण पावलेले जॉन लीस हे ओल्डहॅमचे होते. १८३२ मध्ये शहराला संसदेत दोन जागा मिळाल्यावर विल्यम कॉबेट व जॉन फील्डन निवडून आले. फील्डन यांच्या प्रयत्नांतून १८४७ चा दहा तासांच्या कामाचा कायदा झाला. विन्स्टन चर्चिल यांनी संसदेत प्रथम प्रवेश केला तो १९०० मध्ये याच मतदारसंघातून. स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या नेत्या ॲनी केनी लहानपणी या भागातील गिरणीत राबल्या होत्या. त्यांचा पुतळा २०१८ मध्ये शहरात उभारण्यात आला.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी अल्पजीवी ठरली. गिरण्या फुगवलेल्या किमतींना विकल्या गेल्या, कर्जे डोक्यावर बसली आणि त्याच वेळी भारत व जपानची स्पर्धा वाढली. जाड्या सुतावर विसंबलेल्या ओल्डहॅमला तिची झळ अधिक लागली. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्सने जपानच्या तोयोदा यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले, म्हणजे तंत्रज्ञान विकणारे शहर आता ते विकत घेऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर रात्रपाळीसाठी पाकिस्तान व आजच्या बांगलादेशातून कामगार आले; ते मुख्यतः ग्लॉडविक आणि वेस्टवुड भागांत स्थायिक झाले. गिरण्या बंद पडल्यावर बेकारी आणि वेगवेगळ्या वस्त्यांतील दुरावा वाढला. मे २००१ मध्ये येथे वांशिक दंगली उसळल्या.

शहराचे नाव जगभर गेले ते मात्र एका वेगळ्याच घटनेने. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमच्या सार्वजनिक रुग्णालयात लुईस ब्राउन हिचा जन्म झाला. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स व जीन पर्डी यांच्या संशोधनातून जन्मलेले हे जगातील पहिले परीक्षानळी बालक होय.

टाउनशिपचे प्रशासकीय महत्त्व एकोणिसाव्या शतकातच संपले होते : १८४९ मध्ये ओल्डहॅमला म्युनिसिपल बरोचा व १८८८ च्या कायद्याने काउंटी बरोचा दर्जा मिळाला. १९७४ मध्ये ग्रेटर मँचेस्टर परगणा अस्तित्वात आला, तेव्हा चॅडर्टन, रॉयटन, क्रॉम्प्टन, फेल्सवर्थ, लीस आणि पूर्वी यॉर्कशरमध्ये असलेले सॅडलवर्थ यांसह महानगर बरो करण्यात आला, आणि एका चॅपलखालचे चारही जुने टाउनशिप पुन्हा एका छत्राखाली आले. सॅडलवर्थमधील अनेकांना मात्र आपण यॉर्कशरचेच असे आजही वाटते. २०२१ च्या जनगणनेत बरोची लोकसंख्या सुमारे २,४२,००० होती. २०१४ पासून मेट्रोलिंक ट्रॅम शहराच्या मध्यापर्यंत धावते व जुन्या नगरभवनात २०१६ पासून चित्रपटगृह आहे.