एमईपी-००३ए की एमईपी-८०३ए? आधी पाटी वाचा

८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं आणि ह्यूस्टन परिसरातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काहींच्या घरी आठवडाभर अंधार होता. तेव्हापासून इथल्या आमच्या मराठी मंडळींत अमेरिकी सैन्याने काढून टाकलेला डिझेल जनरेटर लिलावातून घ्यायची टूम निघाली आहे. फोन येतो, "दहा किलोवॅटचा आहे, घेऊ का?" मी म्हणतो, मॉडेल नंबर लिहिलेल्या पाटीचा फोटो पाठव. सैन्याच्या दहा किलोवॅटवाल्यांतला एमईपी-००३ए आहे की एमईपी-८०३ए? पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "एकच ना ते? जुनं मॉडेल आणि नवं मॉडेल."

कागदावर तसंच वाटतं. दोन्ही १० किलोवॅट, ६० हर्ट्झ, १८०० आरपीएम. दोन्हींत चार सिलिंडर, २४ व्होल्टचा स्टार्टर, वजन अर्ध्या टनाच्या वर. पण ००३च्या पोटात ओनान कंपनीचं हवेवर थंड होणारं इंजिन आहे, ८०३मध्ये लिस्टर पेटर कंपनीचं पाण्यावर थंड होणारं. बाकीचे बहुतेक फरक इथूनच फुटतात.

हवेवरच्या इंजिनाला मोकळी हवा लागते, म्हणून ००३ म्हणजे उघडा सांगाडा आणि त्यात बसवलेलं यंत्र. ते चालू केलं की गल्लीला कळतं. ८०३ला रेडिएटर असल्यामुळे तो पत्र्याच्या बंद पेटीत बसवता आला, आतून आवाज शोषणारं अस्तर लावता आलं. सात मीटरवर त्याचा आवाज साधारण ७० डेसिबल. शांत नव्हे, पण शेजारी रात्री दार ठोठावणार नाही. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्याचा निर्णय माझ्या मते इथेच होतो: ८०३. शेताएवढं आवार असेल आणि हातात पाना धरायची हौस असेल तर ००३ घ्यावा. त्याचा साधेपणा मला मनापासून आवडतो.

साधेपणा म्हणजे असा: रेडिएटर नाही, होज नाही, कूलंट नाही, वॉटर पंप नाही. पण सिलिंडरवर उष्णता बाहेर टाकायला जे धातूचे पातळ पंख (फिन्स) असतात, त्यांच्यामध्ये धूळ आणि तेलाचा थर बसला की इंजिन आतल्या आत भाजतं, आणि वरून काही दिसत नाही. वर्षानुवर्षं आवारात उभ्या राहिलेल्या मशीनचा पत्रा काढला की गवत आणि चिंध्यांचं उंदराचं घरटं हमखास निघतं. आधी पत्रा काढा, मगच स्टार्टर फिरवा. ८०३ला उलट रबर छळतं. चालल्याचे तास मोजणाऱ्या अवर मीटरवर तास कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, होज आणि बेल्ट म्हातारे होतात ते वर्षांनी. घेतल्या घेतल्या ते बदलावेत, कूलंट नवं भरावं.

पण लोक ज्या चुकीने हे जनरेटर मारतात, ती दोन्हींत सारखीच आहे, आणि ती अतिवापराची नाही. लाइट, फ्रिज, राउटर, दोन पंखे मिळून दीड किलोवॅटसुद्धा होत नाही. दहा किलोवॅटच्या डिझेलवर एवढाच लोड टाकून तासन् तास चालवलं तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि न जळलेला भाग एक्झॉस्टमध्ये साचतो. इकडे याला वेट स्टॅकिंग म्हणतात. एक्झॉस्टच्या तोंडाला बोट लावून बघा. कोरडी काजळी असेल तर ठीक. डांबरासारखं ओलं, चिकट काही लागलं, किंवा खाली काळे ओघळ दिसले, तर मालकाने त्याला नुसतं गुणगुणत ठेवलं होतं असं समजा. एसी चालू असेल तर लोड आपोआप मिळतो. हिवाळ्यात तो आणावा लागतो. वॉटर हीटर साडेचार किलोवॅट, कपडे वाळवायचं मशीन पाचच्या आसपास. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या शनिवारी धुणं आणि आंघोळी जनरेटरवर होतात. बायको याला इंजिनाचं अभ्यंगस्नान म्हणते. ज्याला खरोखर दोन किलोवॅटच लागतात त्याने दहाच्या नादाला न लागता पाच किलोवॅटचा धाकटा भाऊ बघावा: ००२ए किंवा ८०२ए, हवा आणि पाण्याचा हिशोब तोच.

डिझेलचं म्हणाल तर ८०३ची टाकी नऊ गॅलनची, पूर्ण लोडवर सुमारे आठ तास. मास्टर स्विचच्या एका जागेवर तो बाहेरच्या पिंपातून स्वतः डिझेल ओढतो. जनरेटरला रस्त्याचा कर न लागलेलं लाल डिझेल चालतं.

घराला जोडण्याआधी दोन गोष्टी. सैन्यात हे यंत्र बहुधा १२०/२०८ व्होल्ट थ्री फेजवर ठेवलेलं असतं. व्होल्टेजचा सिलेक्टर १२०/२४० सिंगल फेजवर फिरवा आणि मल्टिमीटरने एल१ आणि एल३ या टर्मिनल्समधलं व्होल्टेज मोजा. २४० दिसलं पाहिजे, २०८ नव्हे. एल० हा न्यूट्रल. जोडणी ट्रान्सफर स्विचमधूनच (तो घर बाहेरच्या लाइनपासून तोडून जनरेटरवर घेतो) आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, नाहीतर तुमची वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. दुसरी गोष्ट बॅटऱ्यांची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यातल्या एकीवरूनच दिवा किंवा चार्जर चालवला की दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही मरतात. आणि पॅनेलवर 'बॅटल शॉर्ट' असं झाकणाखालचं बटण दिसेल. ते लावलं की तेलाचा दाब गेला तरी इंजिन थांबत नाही. युद्धात मशीनपेक्षा माणूस मोलाचा असतो. तुमच्या अंगणात ते झाकण बंदच राहू द्या.

परवा पुन्हा एक फोटो आला. स्वच्छ पेटी, तास कमी, भाव तर ८०३च्या निम्मा. पाटी मोठी करून बघितली, एमईपी-८१३ए. बाहेरून डिट्टो ८०३, पण वीज घरातल्यासारखी ६० नव्हे, ४०० हर्ट्झची, खास सैनिकी उपकरणांसाठी. त्यावर घरातला फ्रिज लावता येत नाही. मित्राला म्हटलं, भाव का निम्मा ते कळलं.