एंजिनाचा शक्तिक्षय (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या एंजिनाकडून एरवी मिळणारी शक्ती काही कारणाने घटणे. बोलीत यालाच ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘पिकअप नाही’ असे म्हणतात. हा स्वतंत्र बिघाड नव्हे. अनेक बिघाडांचे ते समाईक लक्षण आहे. म्हणून मोजमाप न करता एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे ही सर्वांत खर्चिक रीत ठरते, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत रुळलेली आहे.

एंजिनाबाहेरची कारणे आधी वगळावी लागतात. क्लच घसरत असेल तर एंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. ब्रेक अडकून राहत असेल तर थोडे अंतर जाताच ते चाक इतर चाकांपेक्षा जास्त तापते. टर्बो (हवा दाबून एंजिनात भरणारे साधन) नसलेल्या एंजिनाची शक्ती समुद्रसपाटीपासून दर १,००० मी. उंचीला ढोबळ मानाने १० टक्क्यांनी उतरते. घाटमाथ्यावर जाणवणारी ही घट निसर्गनियमानुसारच असते. निर्माते सांगतात ती अश्वशक्ती एंजिनाच्या दांड्यावर मोजलेली असते. चाकांवर मोजलेला आकडा साधारण १० ते २० टक्के कमी येतो, त्यालाही शक्तिक्षय समजू नये.

पेट्रोल एंजिन किती शक्ती देणार हे मुख्यतः सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर ठरते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पुरेशी हवा, योग्य इंधन, वेळेवर ठिणगी, सिलिंडराचे संपीडन (कॉम्प्रेशन) आणि जळलेल्या वायूंना मोकळी वाट, यांपैकी एकाचीही उणीव झाली की शक्ती घटते.

ठोका व त्याविषयीचे मतभेद : शक्तिक्षयाच्या एका प्रकारात कोणताही भाग मोडलेला नसतो, एंजिनाचा नियंत्रण-संगणक स्वतःच शक्ती कमी करतो. याचे मूळ ठोक्यात (नॉकिंग), म्हणजे सिलिंडरातील मिश्रण भलत्या रीतीने जळून उमटणाऱ्या ठकठकीत, आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ठोका आणि पूर्वप्रज्वलन या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होत असे. पूर्वप्रज्वलनात मिश्रण ठिणगीआधीच पेटते, ठोका मात्र ठिणगीनंतर पडतो. ठोक्याच्या कारणाविषयी दोन पक्ष होते. एका पक्षाच्या मते ज्योत पुढे सरकत असता कोपऱ्यात दाबले गेलेले उरलेले मिश्रण तापून आपोआप पेटते. ब्रिटिश एंजिन-अभियंते हॅरी रिकार्डो यांचा कल या मताकडे होता. दुसऱ्या पक्षाला ती ध्वनीपेक्षा वेगवान अशी विस्फोट-तरंगाची क्रिया वाटे. वायूंतील विस्फोट-तरंग १८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बेर्तलो व व्येय यांनी, तसेच मालार व ल शातल्ये यांनी दाखवून दिला होता. त्यावरून एंजिनाविषयी केलेले हे अनुमान होते. १९४० च्या दशकात सी. डी. मिलर यांनी अमेरिकेत सेकंदाला ४०,००० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ज्वलन पाहिले आणि दोन्ही क्रिया घडू शकतात असे प्रतिपादन केले. आज नेहमीच्या ठोक्याच्या बाबतीत स्वयंप्रज्वलनाचे मतच अधिक ग्राह्य दिसते. टर्बोयुक्त एंजिनांत कमी फेऱ्यांवर क्वचित होणाऱ्या अतितीव्र ठोक्याला मात्र विस्फोट-तरंगाची कल्पना लागू पडत असावी.

हा वाद दुरुस्तीपासून वाटतो तितका दूर नाही. स्वयंप्रज्वलनाने दाब एकदम वाढतो आणि सिलिंडरातला वायू घंटेसारखा कंप पावतो. सुमारे ८० मिमी. व्यासाच्या सिलिंडरात ही कंप्रता ६ ते ७ किलोहर्ट्‌झ येते. व्यास वाढला की ती उतरते. हा संबंध अमेरिकन अभियंते चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात मांडला. एंजिनाच्या ठोकळ्यावरील दाबविद्युत् संवेदक (कंपाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा) नेमका हाच कंप ऐकतो आणि संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. ठोका थांबतो, चालकाला काही ऐकूही येत नाही, पण ओढ जाते. कमी ऑक्टेनचे (ठोक्याला कमी विरोध करणारे) इंधन, पिस्टनमाथ्यावर साचलेला कार्बन, अतितप्त हवा किंवा अपुरे शीतन यांपैकी काहीही यामागे असू शकते. सैल झालेल्या एखाद्या पट्टीचा खडखडाटसुद्धा संवेदकाला ठोका वाटतो. संवेदकाचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास) कसलेला नसेल, तर त्याचे ऐकणेच बिघडते.

निदान : अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी साधारण २००१ पासून गाडीच्या संगणकाने नोंदलेले प्रमाणित दोष-संकेत वाचता येऊ लागले. संकेत स्थिती सांगतो, दोषी भाग सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच. त्यामागे मळलेला हवा-संवेदक (आत येणारी हवा मोजणारा), फाटलेला रबरी पाइप किंवा थकलेला इंधन-पंप यांपैकी काहीही असेल. येथे संगणकाने केलेली इंधनाची भरपाई पाहणे फार उपयोगी पडते. भरपाई निष्क्रिय गतीला (आयडलिंग) जास्त व वेगात कमी असेल तर बाहेरची हवा आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. उलट, भार वाढेल तशी भरपाई वाढत गेली तर इंधनपुरवठा किंवा हवा-संवेदक तपासावा.

संपीडन-चाचणीत सिलिंडरांमधील फरक १०–१५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. सायलेन्सरकडची वाट तुंबल्याचे निर्वातमापकावर कळते : निरोगी एंजिन समुद्रसपाटीला निष्क्रिय गतीत सुमारे ४३० ते ५६० मिमी. पाऱ्याइतका निर्वात दाखवते. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरल्यावर काटा हळूहळू खाली सरकू लागला तर उत्प्रेरकी परिवर्तक (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) वितळला वा तुंबला असण्याचा संभव मोठा.

दुरुस्ती : ती निदानातून सरळ निघते. हवा-संवेदक त्याच्यासाठीच्या द्रावणाने धुवावा, त्यातील बारीक तारेला बोट लावू नये. थेट अंतःक्षेपणाच्या (इंधन सरळ सिलिंडरात फवारणाऱ्या) एंजिनांत इंधन अंतर्ग्रहण-व्हॉल्व्ह धूत नसल्याने त्यांवर कार्बनचा थर चढतो. तो अक्रोडाच्या कवचांच्या भुग्याचा मारा करून काढतात. परिवर्तक बदलण्याआधी तो का तुंबला हे शोधलेच पाहिजे. पेटणे चुकवणारा, म्हणजे मिसिंग करणारा, सिलिंडर तसाच राहिला तर न जळलेले इंधन नव्या परिवर्तकात जाऊन जळते आणि तोही वितळतो.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते; तेथे टर्बोची नळी निसटणे, काजळी-गाळणी भरणे, इंधन-गाळणीत पाणी येणे ही कारणे आधी पाहतात. पी०२९९ हा अपुऱ्या टर्बोदाबाचा संकेत असून बरेचदा टर्बो शाबूत आणि नळीचा पट्टा सैल असतो.